म्हणजे किती?

क्लायंट म्हणतो, ‘सिस्टिम फास्ट पाहिजे.’ आमचा सेल्सवाला मान डोलावतो, प्रोजेक्ट मॅनेजर मान डोलावतो, मी वहीत ‘फास्ट’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारतो. मिटिंग वेळेत संपेल, चहाला जायला मिळेल, अशी आशा सगळ्यांच्या तोंडावर उगवते, आणि नेमकं तेव्हाच टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी घसा खाकरतं.

‘फास्ट म्हणजे किती?’

झालं. चहा गेला.

गृहस्थांचं खरं नाव पगारपत्रकात असेल. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात त्यांना ‘किती सर’ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. कंपनी कुठलीही असो, मजल्यावर असा एक माणूस असतोच. तुम्ही कंटाळून नोकरी बदलावी, तर तो तुमच्या आधी तिथे जाऊन बसलेला सापडतो. वय पन्नाशीला टेकलेलं, चौकड्यांचा हाफ शर्ट, खिशाला पेन्सिल. पेन वापरत नाहीत, कारण आकडे खोडावे लागतात. कार्डावरचं पद अधूनमधून बदलतं, कधी आर्किटेक्ट, कधी क्वालिटी लीड, कधी नुसतंच ‘प्रिन्सिपल’. काम एकच. सॉफ्टवेअरनं काय काय करायचं हे बाकीचे लिहीत असतात. ते किती लवकर, एका वेळी किती जणांसाठी, किती वेळ न पडता आणि चोराच्या हाती न लागता करायचं, हे विचारत बसायचं.

‘सर, घरून निघालात का? किती वेळात पोचाल?’ असं त्यांना फोनवर विचारायची चूक नवीन पोरं एकदाच करतात. कोथरूडहून निघालेला कुठलाही सभ्य माणूस ‘हा काय, आलोच’ असं खोटं बोलतो. सर म्हणतात, ‘दहापैकी नऊ वेळा पन्नास मिनिटांत. दहाव्या वेळेचं वाकडच्या पुलाला विचार.’ हे ते गंमत म्हणून बोलत नाहीत. सरासरीवर त्यांचा राग आहे. नऊ जणांना पान अर्ध्या सेकंदात दिसलं आणि दहावा साडेपंधरा सेकंद ताटकळला, तरी सरासरी दोन सेकंदच येते. रिपोर्टात हिरवा रंग लागतो आणि तो दहावा माणूस कस्टमर केअरला शिव्या घालत बसतो. ‘आपण त्या दहाव्यासाठी काम करतो,’ असं सर म्हणतात. ते ऐकून प्रोजेक्ट मॅनेजर खिडकीबाहेर बघतो, कारण बिल पहिल्या नऊ जणांवर निघतं.

‘फास्ट म्हणजे किती’ याचं उत्तर क्लायंटला सुचत नाही, तेव्हा सर त्याला मदत करतात. याकोब नील्सन या माणसानं १९९३ साली लिहून ठेवलेल्या तीन मर्यादा त्यांना तोंडपाठ आहेत. एक दशांश सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं. एक सेकंदापर्यंत त्याच्या विचाराची तार तुटत नाही. दहा सेकंदांनंतर त्याचं लक्ष उडतं. ‘आणि आपल्याकडे लक्ष उडालं की माणूस व्हॉट्सअॅप उघडतो,’ ही पुस्ती सरांची.

सेल्सच्या लोकांशी त्यांचं वैर जुनं आहे. प्रपोजल त्यांच्याकडे नजरेखालून घालायला गेलं, की परत येताना त्यावर पेन्सिलीची वर्तुळं असतात. ‘वर्ल्ड-क्लास’ला वर्तुळ. ‘रोबस्ट’ला वर्तुळ. ‘स्केलेबल’ला वर्तुळ आणि समासात ‘कुठपर्यंत?’ सेल्सवाल्याची तक्रार अशी, की एवढी विशेषणं काढली तर प्रपोजलमध्ये किंमत तेवढी उरेल. सरांचं म्हणणं, किंमत तरी कशाची लावली ते मग कळेल.

पण खरं बघण्यासारखं दृश्य असतं ते क्लायंट ‘आम्हाला चोवीस तास चालू पाहिजे, एक मिनिटसुद्धा बंद नको’ असं ठणकावतो तेव्हाचं. सर खुलतात. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार गादीवर साड्या उलगडत जातो, तसे ते एकेक आकडा उलगडतात. ‘९९ टक्के? वर्षातून साडेतीन दिवसांहून जास्त बंद राहील. ९९.९ दाखवू? पावणेनऊ तास. ही बघा, ९९.९९, वर्षाला त्रेपन्न मिनिटं. आणि ही ९९.९९९, फक्त सव्वापाच मिनिटं. पण हिची किंमत वेगळी.’ किंमत कशी वेगळी तेही सांगतात. दुसरं डेटा सेंटर, दुसऱ्या शहरात, रात्रपाळीची माणसं, सगळ्या यंत्रांची एक एक जोडी जास्त. दहा मिनिटांपूर्वी टेबलावर मूठ आपटणारे साहेब मग हळूच विचारतात, ‘रविवारी पहाटे दोन ते पाच बंद ठेवली तर?’ सर म्हणतात, ‘चालेल की. लिहून द्या.’

‘लिहून द्या’ हा त्यांचा दुसरा मंत्र.

‘युजर-फ्रेंडली’ या शब्दाला मात्र त्यांचं उत्तर आकडा नसतं. ते मावशी असतं. मजल्यावरची साफसफाई बघणाऱ्या मावशी दुपारी तीनला कॅन्टीनमध्ये चहाला टेकतात. सर तिथे फोन घेऊन जातात. ‘मावशी, एवढा फॉर्म भरून बघता का?’ एका बँकेचं अॅप आमच्याकडे होतं, तेव्हाची गोष्ट. मावशींनी नंबर टाकला. ओटीपी आला. मावशी म्हणाल्या, ‘थांबा, चष्मा कुठं ठेवला बघते.’ चष्मा पिशवीत होता, पिशवी झाडूच्या खोलीत होती. त्या येईपर्यंत ओटीपी मरून गेला होता, कारण आमच्या पोरांनी त्याला तीस सेकंदांचं आयुष्य दिलं होतं. दुसरा मागवला, तोही मावशी आकडे मोठ्यानं वाचत असतानाच गेला. सरांनी वहीत लिहिलं: ‘चष्मा शोधणे, ४० सेकंद (पिशवी जवळ असल्यास).’ ओटीपीची मुदत तीन मिनिटं झाली ती त्या नोंदीमुळे. सिक्युरिटीवाल्यानं बरीच आदळआपट केली. त्याला पासवर्डही बारा अक्षरी आणि दर महिन्याला नवा हवा होता. सरांनी त्याला उठवून मजल्यावर एक फेरी मारून आणली आणि मॉनिटरच्या कडांना चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या दाखवल्या. प्रत्येकीवर एकेक बारा अक्षरी पासवर्ड.

मराठीच्या बाबतीत त्यांचा कडवेपणा जरा वेगळ्याच वळणाचा आहे. मराठी पाट्यांसाठी आंदोलन वगैरे ते करणार नाहीत. ते रकान्याची लांबी विचारतात. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत लिहिला की ७०. म्हणजे ‘आपला अर्ज मिळाला असून’ इथपासून सुरू झालेला सरकारी वळणाचा निरोप दोन-तीन एसएमएसच्या पैशात पडतो, आणि हे बजेट ठरताना कुणी विचारलेलं नसतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं धरून. तेव्हा गावाच्या नावाला तीस बाइट ठेवणाऱ्या पोराला सरांनी त्र्यंबकेश्वर टाकून बघायला सांगितलं. पडद्यावर ‘त्र्यंबकेश’ आलं. ‘आता या गावाला कुरिअर कुठून पाठवशील?’ एवढंच ते बोलले.

ऑफिसबाहेर हा माणूस बरा असेल असं वाटत असेल, तर तेही नाही. त्यांच्या पुतणीच्या लग्नात केटररनं ‘काका, हजार पानांची तयारी आहे, काळजी सोडा’ म्हटलं. काकांनी काळजी सोडली नाही. ‘हजार एकूण. पण एकदम किती?’ केटररला प्रश्नच कळेना. सरांनी त्याला बाजूला घेतलं. मुहूर्त बारा चौतीसचा. मंगलाष्टकं संपली की अक्षता पडणार, आणि पुढच्या दहा मिनिटांत हजारांतले सहाशे जण बुफेच्या रांगेत उभे राहणार, कारण उरलेल्यांना स्टेजवर जाऊन पाकीट द्यायचंय. ताटांची चवड एकीकडेच ठेवली तर तिथेच सगळं तुंबणार. तेव्हा ताटं चार ठिकाणी, जिलबी रांगेच्या शेवटी, आणि पाण्याचे ग्लास मुळीच रांगेत नकोत. केटररनं ऐकलं. त्या लग्नात धक्काबुक्की झाली नाही, कुणाच्या शालूवर मठ्ठा सांडला नाही, आणि जेवणाबद्दल नंतर कुणी चकार शब्द काढला नाही. सर याला यश समजतात. वहिनींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, मते लग्नात घरचा काका मांडवात हवा होता, तो बुफेच्या टेबलांची अंतरं पावलांनी मोजत होता.

वहिनींची बाजूही ऐकली पाहिजे. एकदा त्यांनी विचारलं, ‘आमटी कशी झालीये?’ सर म्हणाले, ‘छान.’ वहिनी म्हणाल्या, ‘अहो, छान म्हणजे किती? दहापैकी?’ सरांनी घास चावत प्रामाणिकपणे विचार केला आणि ‘सात’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते डब्याशिवाय ऑफिसात आले होते.

त्यांच्या डेस्कमागे एक कागद टाचलेला आहे. १९७६ मध्ये बॅरी बोहम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सॉफ्टवेअरची गुणवत्ता मोजायची कशी यावर लिहिलं, पुढच्या वर्षी मॅकॉल आणि मंडळींनी अमेरिकी हवाई दलासाठी अकरा गुणांची यादी केली, आणि आयएसओनं २०११ च्या २५०१० या मानकात आठ गुण नक्की केले. वेग, विश्वासार्हता, सुरक्षा, वापरायला सोपं असणं, नंतर दुरुस्त करता येणं, असे. सर देवघराकडे बघावं तसं त्या कागदाकडे बघतात. २०२३ मध्ये मानक सुधारलं आणि वापरणाऱ्याच्या जिवाला धोका न होणं हा नववा गुण यादीत आला. त्या आठवड्यात सरांनी मजल्यावर पेढे वाटले. मुलाला नोकरी लागली असेल असं समजून आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं, त्यांनीही मनापासून ते स्वीकारलं.

हे सगळं त्यांच्या अंगात आलं कुठून, तर वायटूकेमधून. साठच्या दशकात मेमरी महाग, पंच कार्डावर रकाने ऐंशीच, म्हणून वर्षाचे दोनच आकडे लिहायची पद्धत पडली. हे प्रोग्रॅम २००० सालापर्यंत चालतील असं कुणाला वाटलं नव्हतं. किती वर्षं चालणार हे कुणी विचारलंच नव्हतं. शतक संपायला आलं तसं जगभरचं कोबोल तपासायला माणसं हवी झाली आणि त्या लाटेवर आपल्याकडची कितीतरी पोरं संगणकाच्या धंद्यात आली. सांगलीहून नुकतेच आलेले सर त्यातलेच. दोन वर्षं एका परदेशी विमा कंपनीच्या लाखो ओळींतून ते दोन आकड्यांची वर्षं वेचत होते. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री सगळी टीम ऑफिसात बसून होती, भेळ खात, फोनकडे बघत. बारा वाजले. काहीच झालं नाही. पहाटे घरी आले तर वडील म्हणाले, ‘उगाच बाऊ केला होता म्हणायचा.’ आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे एका रात्री काही न घडणं, आणि ते कुणाला पटवता येत नाही, हे सरांनी तेव्हाच ओळखलं असावं.

आता ज्यामुळे आम्ही सगळे त्यांना सांभाळून घेतो, तो किस्सा. एका शिक्षणसंस्थेच्या ऑनलाइन प्रवेशाचं काम होतं. चाळीस हजार अर्ज, वीस दिवसांची मुदत. मॅनेजरनं भागाकार केला: दिवसाला दोन हजार. सर्व्हर त्या हिशेबानं घेतले. सर म्हणाले, ‘शेवटच्या दिवशी, शेवटच्या दोन तासांत किती?’ मॅनेजर म्हणाला, ‘दोन हजारांचे फार तर चार होतील.’ सर म्हणाले, ‘आपण वीजबिल कधी भरतो?’ कुणी ऐकलं नाही. आधी फीचर्स संपवू, परफॉर्मन्सचं नंतर बघू, असं ठरलं. हे वाक्य आमच्या धंद्यात रोज कुठे ना कुठे बोललं जातं. पहिल्या पंधरा दिवसांत साइट इतकी निवांत चालली की मॅनेजरनं अभिनंदनाची मेल टाकली. शेवटच्या संध्याकाळी आईबाप, पोरं, सायबर कॅफेवाले असे सगळे एकदम आले आणि सात वाजता साइट आडवी झाली. रात्री नऊला सर आले, डब्यासकट. डेटाबेसची कनेक्शन्स संपत होती, आणि प्रत्येक अर्जामागे तीच जिल्ह्यांची यादी पुन्हा पुन्हा मागवली जात होती. पहाटे चारला साइट उभी राहिली. संस्थेनं तीन दिवसांची मुदतवाढ दिली, आणि लोकांनी उरलेले अर्ज त्या मुदतवाढीच्या शेवटच्या संध्याकाळी भरले.

‘मी म्हटलं होतं,’ हे वाक्य सर कधीच उच्चारत नाहीत. सकाळी साडेनऊला सगळ्यांना त्यांची एक मेल आली. तीन महिन्यांपूर्वीच्या मिटिंगचे मिनिट्स जोडलेले, वर एकच ओळ: ‘माहितीसाठी.’ यापेक्षा त्यांनी ओरडलेलं परवडलं असतं.

वाढदिवसाच्या केकभोवती ते रॉकेटची गोष्ट सांगतात. ४ जून १९९६, फ्रेंच गयाना, एरियन ५ चं पहिलं उड्डाण. एरियन ४ मध्ये उत्तम चाललेलं दिशादर्शनाचं सॉफ्टवेअर तसंच उचलून बसवलेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. ३२,७६७ पर्यंतच मोजणाऱ्या सोळा बिटांच्या आकड्यात तो मावला नाही, आणि चाळीस सेकंदांच्या आसपास सगळा खेळ खलास. ‘आधीच्या रॉकेटसाठी ते चोख होतं हो!’ असं हळहळत ते केक खातात. ही गोष्ट आम्हाला आता त्यांच्याहून चांगली सांगता येते.

दुसरी एक गोष्ट मात्र त्यांनी एकदाच सांगितली, एका नव्या मुलीनं ‘सर, तुम्ही एवढं ताणता कशाला?’ असं सरळ विचारलं तेव्हा. १९९१ चं आखाती युद्ध. अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्रांच्या संगणकात वेळ मोजताना अगदी सूक्ष्म चूक साठत जायची. यंत्रणा मुळात थोडे तास चालवून दुसरीकडे हलवायची, अशा हिशेबानं केलेली. सौदी अरेबियातल्या धहरानला ती सलग शंभर तासांहून जास्त चालू राहिली. घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं, येणारं स्कड क्षेपणास्त्र जिथे नव्हतं तिथे रडार शोधत राहिलं, आणि २५ फेब्रुवारीला अठ्ठावीस सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं. ‘पण चार दिवस आधी सगळ्या तुकड्यांना इशारा गेला होता,’ सर म्हणाले. ‘यंत्रणा फार जास्त वेळ सलग चालवली तर नेम चुकू शकतो, असा. फार जास्त म्हणजे किती तास, ते त्यात लिहिलं नव्हतं. वीस तास पुरे होते.’ एवढं बोलून ते डबा धुवायला गेले.

आता इतकं सगळं असूनही हा माणूस डोक्याला ताप आहे, हे सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. लहानमोठं त्यांना कळत नाही. कॅन्टीनमध्ये आज जेवायला कोण कोण, एवढं नोंदवणारं एक साधं अॅप दोन इंटर्न पोरं करणार होती. वापरणारे साठ-सत्तर. सरांनी त्याच्या गुणवत्तेच्या अपेक्षा चौदा पानांत लिहिल्या. भूकंप झाला तर डेटा कुठून परत मिळवायचा, हे त्यातलं अकरावं पान. इंटर्नांची इंटर्नशिप संपली, अॅप झालं नाही. कॅन्टीनच्या दारात अजून रजिस्टर टांगलेलं आहे, सुतळीला बांधलेल्या पेनासकट. प्रत्येक अपेक्षेला पैसे पडतात, एक घट्ट केली की दुसरी सैल होते, हे इतरांना शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बाबतीत ते दिसू नये याचं नवल वाटतं. मी एकदा तसं बोलून दाखवलं. सर म्हणाले, ‘बरोबर आहे. चौदा पानं जास्तच झाली.’ मग पेन्सिल काढून, ‘किती ठीक होती?’

तेव्हा तुमच्या मजल्यावर असा कुणी असेल, आणि असेलच, तर काम सुरू करायच्या पहिल्या मिटिंगला त्याला बोलवा. साइट पडल्यावरच्या मिटिंगला तो आपण होऊन येतोच. फक्त निमंत्रणात ‘सकाळी दहाच्या सुमारास’ असं लिहू नका. उलट उत्तर येईल.